छपरावरचा सौर संच आणि अंगणातले अर्थिंग



ऊस विकास विभागाने बेणे, खत, पाणी आणि तोड यांवर लिहावे, विजेच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु हल्ली कर्जत-खालापूर गटात उसाच्या नोंदीसाठी आम्ही फिरतो, तेव्हा खताच्या मात्रेइतकीच विचारपूस सौर संचाची होते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली आणि ३ किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान जाहीर केले. तेव्हापासून ज्याच्या घराला बरे छप्पर आहे तो प्रत्येक जण कोटेशन मागवू लागला आहे.

ही कोटेशने सभासद आम्हाला दाखवतात. त्यात पॅनेल कोणत्या कंपनीचे, किती वॉटचे, इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची, सारे तपशीलवार असते. सर्वांत खाली एक ओळ असते, ‘अर्थिंगसह’. या एका शब्दावर घासाघीस होत नाही, कारण त्यात काय पाहायचे हेच ठाऊक नसते. आमच्या मते घरातल्या माणसांचा जीव ज्यावर अवलंबून आहे अशी कोटेशनमधली ओळ हीच. म्हणून प्रस्तुत लेख त्या एका ओळीवर आहे. जोडणीचे काम परवानाधारक वायरमननेच करायचे; पण काम करून घेणाऱ्याला चार प्रश्न विचारता आले पाहिजेत.

कोणता संच?

शेतातला सौर पंप वेगळा. कुसुम योजनेतून किंवा ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून मिळणारा पंप महावितरणच्या लाइनला जोडलेला नसतो. ऊन असेपर्यंत तो चालतो, नंतर थांबतो. अर्थिंग त्यालाही लागतेच. पण इथे आपण बोलत आहोत तो घराच्या छपरावरचा, नेट मीटर बसवून महावितरणच्या लाइनला जोडलेला संच. दिवसा जास्त झालेली वीज तो लाइनमध्ये देतो आणि रात्री आपण लाइनवरून घेतो.

आपला तालुका विजेला नवखा नाही. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. भिवपुरीचे वीजघर १९२२ सालचे. तिथून सुटलेले पाणी राजनाल्याने कर्जतच्या शेतात येते. असे कोणतेही वीजघर उभारताना जमिनीत आधी अर्थिंगचे जाळे पुरले जाते. छपरावर ३ किलोवॉटचा संच बसवला की आपले घरही एक लहानसे वीजघरच झाले. आतापर्यंत आपण वीज घेणारे होतो, आता वीज करणारे झालो. मग वीजघराची शिस्तही आली.

अर्थिंग म्हणजे खाचराचा सांडवा

भाताच्या खाचराला आपण सांडवा ठेवतो. पाणी नेहमी सांडव्यातून जात नाही. पण ढगफुटीसारखा पाऊस आला तर बांध फुटू नये म्हणून वाट मोकळी असावी लागते. अर्थची तार म्हणजे तसाच सांडवा. रोजच्या व्यवहारात तिच्यातून फारसे काही वाहत नाही. वायरचे आवरण फाटले, इन्व्हर्टरच्या पत्र्याला फेज लागला, वीज पडली, की विजेने माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जावे यासाठी ती असते.

आता सांडवा अरुंद असला तर? त्याचा हिशोब करू. जमिनीत विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजतात. समजा, आपल्या खड्ड्याचा अडथळा ३० ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थचा २ ओहम. २३० व्होल्टचा फेज इन्व्हर्टरच्या पेटीला लागला. २३० भागिले ३२, म्हणजे सुमारे ७ अँपिअर करंट जमिनीत जाईल. घरातला ३२ अँपिअरचा एमसीबी एवढ्याशा करंटला दाद देत नाही. तो पडणारच नाही. आणि पेटीवर राहतील सुमारे २१५ व्होल्ट. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरी पेटीला हात लावणाऱ्याला झटका बसायचा तो बसणारच.

खड्डा उत्तम, ५ ओहमचा केला तरी काय होते? करंट ३३ अँपिअरच्या आसपास जातो आणि ३२ चा एमसीबी तेवढ्यावरही लगेच पडत नाही. म्हणून नुसत्या एमसीबीवर विसंबून चालत नाही. सोबत आरसीसीबी लागतो. जुन्या लोकांना तो ईएलसीबी या नावाने माहीत आहे. जाणारा आणि परत येणारा करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो लाइन तोडतो. घराच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. इन्व्हर्टरच्या स्वतंत्र लाइनला कोणत्या प्रकारचा आणि किती मिलिअँपिअरचा लावायचा, हे त्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्याप्रमाणेच लावून घ्यावा.

सौर संचात वेगळे काय?

पहिली गोष्ट, सूर्याला बटण नाही. मेन स्विच बंद केला की घरातली लाइन मरते. पण पॅनेल उन्हात आहे तोवर त्याच्या तारांत वीज असतेच. सहा पॅनेल एकामागे एक जोडली की उघड्या टोकांशी सुमारे ३०० व्होल्ट मिळतात, आणि ते डीसी. त्यावर घरातल्या आरसीसीबीचा काही उपयोग नाही, कारण तो पलीकडच्या बाजूला बसलेला असतो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, तेव्हा ती नीट समजून घ्यावी. आजकालचे बहुतेक घरगुती इन्व्हर्टर बिनट्रान्सफॉर्मरचे असतात. अशा इन्व्हर्टरमध्ये स्वतःचा एक चौकीदार बसवलेला असतो. रोज सकाळी सुरू होण्यापूर्वी तो पॅनेलच्या तारा आणि अर्थ यांमधले आवरण शाबूत आहे का, ते तपासतो. चालू असताना गळती एकदम ३० मिलिअँपिअरने वाढली तर ०.३ सेकंदात लाइनपासून बाजूला होतो. परंतु हा चौकीदार पाहतो तो अर्थच्या तारेतून. पॅनेलची चौकट आणि खालचे लोखंडी स्ट्रक्चर अर्थला जोडलेच नसेल, तर त्यांवर उतरलेली वीज त्याला दिसतच नाही. चौकीदार दारात उभा, पण आंधळा.

पावसाळ्यात नेमके इथेच पाणी मुरते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जोडाच्या टोपीत पाणी शिरते, उंदीर वायर कुरतडतो, कडेवर घासून आवरण सोलवटते. मग सकाळी इन्व्हर्टर लाल दिवा दाखवून बसतो, ‘आयसोलेशन फॉल्ट’. दुपारी ऊन पडून जोड वाळला की आपोआप सुरू होतो. असे दोन-चार दिवस झाले की मालक वैतागतो आणि कोणीतरी हुशार माणूस उपाय सांगतो, ‘अर्थची तार काढून टाका, फॉल्ट जाईल.’ आणि खरोखरच जातो! युनिटे पडू लागतात, मालक खूश. पण बंधूंनो, दोष गेलेला नाही. चौकीदाराचे डोळे बांधले आहेत. आता ती गळती चौकटीवर, चौकटीवरून स्ट्रक्चरवर आणि लोखंडी पत्र्याचे छप्पर असेल तर साऱ्या छपरावर उतरणार. स्ट्रक्चरला कपड्यांची तार बांधली असेल तर ओले कपडे वाळत घालणाऱ्या बाईच्या हातापर्यंत पोचणार. पॅनेल पुसायला शिडीवर चढलेला मुलगा झटक्याने खाली पडला, तर झटक्यापेक्षा पडण्यानेच जास्त इजा व्हायची.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे, की फॉल्ट आला तर अर्थ कोणालाही काढू देऊ नका. संच बंद ठेवा, कंपनीच्या माणसाला बोलवा, ओला जोड किंवा सोललेली वायर शोधून बदलून घ्या. चार दिवसांची युनिटे बुडाली तरी बुडू द्यावीत.

काय अर्थला जोडायचे, काय नाही

पॅनेलच्या सर्व चौकटी, लोखंडी स्ट्रक्चर, इन्व्हर्टरची पेटी, डीसी आणि एसी बाजूच्या लोखंडी पेट्या आणि त्यांतली वीजलाटेपासून वाचवणारी साधने, म्हणजे एसपीडी, हे सारे अर्थला जोडायचे. अॅल्युमिनियमच्या चौकटीवर पक्का मुलामा असतो, त्यातून वीज जात नाही. चौकट स्ट्रक्चरवर नट-बोल्टने आवळली म्हणजे ती अर्थ झाली असे समजू नये. प्रत्येक चौकटीवर अर्थसाठी खूण केलेले भोक असते. तिथे दात्यांचा वायसर घालून तार जोडावी. उघडी तांब्याची तार थेट अॅल्युमिनियमवर दाबू नये. दमट हवेत दोन धातू एकमेकांना खातात आणि दोन पावसाळ्यांत जोड पोकळ होतो. कल्हई केलेले लग आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट मागावेत.

आता जोडायचे काय नाही, ते. बिनट्रान्सफॉर्मरच्या इन्व्हर्टरला पॅनेलची धन किंवा ऋण तार अर्थला जोडायची नाही. तशी जोडली तर इन्व्हर्टरच जळू शकतो. तसेच घराच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र करायचे नाहीत.

हे दुसरे सांगायचे कारण आपल्याकडची जुनी खोड. न्यूट्रल गेला की कोणी फेज आणि अर्थवर दिवा लावतो, कोणी विहिरीच्या पाइपाला तार गुंडाळून पंपाचे काम भागवतो. काम भागते, पण तेवढा वेळ अर्थची तार हीच चालू तार होते. तिला जोडलेल्या साऱ्या धातूवर, म्हणजे आता पॅनेलच्या चौकटींवरही, करंट येऊ शकतो. विहिरीच्या काठी पाय ओले असतात, हे सांगायला नको. सौर संच असलेल्या घरात ही खोड पूर्ण बंद झाली पाहिजे.

तीन खड्डे, पण अर्थ एकच

सौर संचाला साधारणपणे तीन खड्डे करतात. एक पॅनेल आणि डीसी बाजूचा, दुसरा इन्व्हर्टर आणि एसी बाजूचा, तिसरा वीजरोधकाचा, म्हणजे छपरावरच्या त्रिशुळाचा. सभासद विचारतात, ‘साहेब, तीन कशाला? एकात भागत नाही का?’ आणि दुसरा प्रश्न, ‘तीन केले तर ते वेगळेच ठेवायचे ना?’

तीन करण्याचे कारण असे, की आकाशातल्या विजेने इन्व्हर्टरच्या पेटीतून वाट न काढता त्रिशुळापासून सरळ, कमीत कमी वळणांनी आपल्या खड्ड्यात उतरावे. पण खड्डे तीन असले तरी जमिनीखालून ते पट्टीने एकमेकांना जोडलेले हवेत. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या तांत्रिक अटींत दोन्ही गोष्टी आल्या आहेत. अर्थचा अडथळा ५ ओहमपेक्षा जास्त नसावा, आणि सर्व अर्थ एकमेकांना जोडून समान दाबावर असावेत.

जोडायचे का? समजा, वळवाच्या पावसात त्रिशुळावर वीज पडली. त्या खड्ड्याचा दाब क्षणभर हजारो व्होल्टने चढतो. शेजारचा इन्व्हर्टरचा खड्डा वेगळा असेल तर तो खालीच राहतो. मग या दोहोंमधली तफावत भरून निघते ती इन्व्हर्टरच्या पोटातून, नाहीतर दोन्हींना हात टेकलेल्या माणसातून. तिन्ही जोडलेले असले की सारे एकदम चढतात आणि एकदम उतरतात. पाण्यात नाव वर चढली तरी नावेतली माणसे एकमेकांच्या पातळीतच राहतात, तसे. आपल्याकडे मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा जास्त. तेव्हा ही पट्टी गाळून चालणार नाही.

आपली जमीन

खड्डा किती चांगला, ते लोखंडापेक्षा जमीन ठरवते. ३ मीटर लांब, ४० मिलिमीटर जाड असा एक पाइप पुरला, तर भारतीय मानक आयएस ३०४३ मधील सूत्राने असा हिशोब येतो: ओल्या चिकण मातीत, जिचा रोध १५ ते २० ओहम-मीटर आहे, सुमारे साडेचार ते सहा ओहम. १०० ओहम-मीटरच्या कोरड्या मातीत सुमारे ३० ओहम. ३०० ओहम-मीटरच्या मुरमाड जागी सुमारे ९० ओहम. पाइप तोच, कारागीर तोच, फरक जमिनीचा.

आपल्याकडे खाचरात चिकण माती, पण घरे बहुधा उंचवट्यावर, मुरमावर किंवा कातळावर. शिवाय जुलैत ओथंबलेली जमीन मे महिन्यात तडकते. पावसाळ्यात मोजून ४ ओहम दाखवलेला खड्डा मेमध्ये २० च्याही वर जाऊ शकतो. म्हणून अर्थ कोरड्या हंगामात, कोरड्या दिवशी मोजावा. एप्रिल-मेमध्ये जो आकडा येईल तोच खरा.

मोजायचे कसे? फेज आणि अर्थवर शंभरचा बल्ब लावून ‘बघा, लख्ख लागला’ असे दाखवतात. त्या परीक्षेत काही अर्थ नाही. शंभरचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. ९० ओहमच्या टाकाऊ खड्ड्यावरही तो बऱ्यापैकी लागेल. मोजणी अर्थ टेस्टरने, दोन खुंट्या दूर ठोकून, संच बंद ठेवून करायची असते.

आकडा जास्त आला तर उपाय आहेत. दुसरा पाइप पुरावा, पण पहिल्यापासून निदान पाइपाच्या लांबीइतका, शक्यतो दुप्पट, दूर. जवळ पुरला तर दोघे एकाच ओलीवर भांडतात, दोन झाडे एका आळ्यात लावल्यासारखे. लांब पुरलेल्या दोन पाइपांनी अडथळा निम्म्याच्या थोडा वर येतो. कातळ लागला तर उभा पाइप अर्ध्यावर कापून पुरण्याचा प्रकार खपवून घेऊ नये. अशा जागी जस्ताची पट्टी अर्ध्या मीटरहून खोल चरात आडवी लांबवर न्यावी, शक्य तर ओल टिकणाऱ्या सखल भागाकडे. खड्डा घराच्या पायापासून दीड मीटर तरी दूर असावा. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे. मात्र मीठ लोखंड खाते, हे लक्षात ठेवून जोड दरवर्षी पाहावा. बेंटोनाइटची भर ओल जास्त धरते. पण कोणतीही भर खड्ड्यापुरतीच काम करते. भोवतालचा मुरूम तिने बदलत नाही.

लाइनवरच्या माणसासाठी

लाइट गेली की हा संचही बंद पडतो, अशी अनेकांची तक्रार असते. तो बिघाड नव्हे, ती त्याची घडणच आहे. लाइन गेल्याचे कळताच इन्व्हर्टरने २ सेकंदांच्या आत वीज देणे थांबवावे लागते, कारण त्या वेळी खांबावर वायरमन चढलेला असू शकतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा जिल्ह्यात विजेचे खांब मोठ्या संख्येने पडले आणि तारा उभ्या करायला किती दिवस लागले, ते आपण पाहिले आहे. अशा वेळी घराघरातून लाइनमध्ये वीज सुटत राहिली तर ती तार धरणाऱ्याचे काय होईल? तेव्हा जनरेटर जोडून इन्व्हर्टरला फसवण्याचा उद्योग कोणी करू नये. जनरेटर असेल तर तो योग्य चेंजओव्हर स्विच लावून, संच अलग ठेवूनच चालवावा.

पैसे देण्यापूर्वी

१. ‘अर्थिंगसह’ एवढ्यावर थांबू नये. खड्डे किती, पाइप किती लांबीचा, पट्टी कशाची, ते कोटेशनमध्ये लिहून घ्यावे.

२. खड्डे बुजवण्यापूर्वी स्वतः उभे राहून पाइपाची लांबी टेपने मोजावी.

३. तिन्ही खड्डे जोडणारी पट्टी डोळ्यांनी पाहावी.

४. प्रत्येक चौकटीला अर्थची तार आहे का, ते छपरावर वायरमनकडून दाखवून घ्यावे. स्वतः चढू नये.

५. टेस्टरचा आकडा आपल्यासमोर घ्यावा आणि तारखेसह, सहीसह कागदावर घ्यावा. काम पावसाळ्यात झाले असेल तर मेमध्ये पुन्हा मोजून देण्याची अट घालावी.

६. घराच्या बोर्डात आरसीसीबी आहे का, ते पाहावे आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर पडला नाही तर तो बदलावा.

ऊस तुटून गेला की आपण कारखान्याच्या काट्यावर उभे राहून वजनाचा आकडा स्वतः पाहतो. दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर आपले समाधान होत नाही, आणि होऊही नये. अर्थच्या ओहमचा आकडाही तसाच स्वतः पाहून घ्यावा. वजनात चूक झाली तर पुढच्या हप्त्यात दुरुस्त करता येते. इथली चूक दुरुस्त करायला दुसरा हप्ता नसतो. ज्यांचे संच आधीच बसले आहेत त्यांनी येत्या मेमध्ये मोजणी करून घ्यावी, आणि ज्यांनी फॉल्टला कंटाळून अर्थची तार सोडली असेल त्यांनी संच आजच बंद करून ती परत जोडून घ्यावी.

— ऊस विकास अधिकारी